लाल बाजू भिंतीकडे

मी सतरंजी बोलतेय. किन्हीराजाच्या बौद्ध वस्तीतली, विहारातली, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. तुम्ही म्हणाल, सतरंजीला काय सांगायचं असणार? अहो, तुम्ही माणसांचे चेहरे बघता. माणसं बसतात कुठे, कशी, कुणाच्या किती जवळ, हे मी बघत आले. बघत म्हणजे काय, अंगावर झेलत आले. आणि खरं सांगते, इतकी वर्षं झाली तरी माझं नवल काही संपत नाही.

माझा जन्म तुरुंगातला. त्यात लाजायचं काय? तुरुंगातल्या मागावर अमरसिंग आणि लखमा नावाचे दोन कैदी शेजारी शेजारी बसून मला विणत होते. बोलायची बंदी होती, म्हणून ते पंज्यानं धागे ठोकता ठोकता हळूच बोलायचे. त्यांनी काय गुन्हे केले होते ते मला ठाऊक नाही. गावानं त्यांना आपल्यातून उचलून बाहेर ठेवलं होतं, एवढं खरं. आणि तीच दोन माणसं असं काही विणत होती, ज्याच्यावर एक अख्खं गाव मांडीला मांडी लावून बसणार होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. आता आठवलं की अंगाचा धागा न् धागा शहारतो.

मी पूर्ण व्हायला हातभर उरले आणि निळं सूत संपलं. लखमा घाबरला. अमरसिंगनं बाजूच्या ढिगातून लाल सूत ओढलं आणि म्हणाला, "लाल डाल दे. कौन देखता है!" झालं. माझं एक टोक लाल झालं. त्यामागं दुसरं काहीही कारण नव्हतं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं या लाल टोकाचं लोकांनी जे काही केलं ना, ते ऐकून तुम्ही तोंडात बोट घालाल.

वस्तीनं वर्गणी करून मला घेतलं. वस्तीचे मोठे माणूस पुंजाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ देवमन, दोघं मला आणायला तुरुंगाच्या दुकानात आले होते. एस.टी.च्या टपावरून मी किन्हीराजाला आले. उतरल्याबरोबर बायांनी मला हात लावून पाहिलं, पोरं माझ्यावर लोळली, आणि पुंजाजी ओरडले, "अरे, हे लोळाले नाही आनली! हे बैठकीची हाये!"

विहार म्हणजे मातीच्या भिंतींची एक लांबट खोली. समोरच्या भिंतीशी बुद्धाची लहानशी मूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो, आणि उलट बाजूला दार. पहिल्या दिवशी देवमननं माझं एक टोक धरलं आणि त्याच्या बायकोनं, भागिरथानं, दुसरं. लाल टोक भागिरथाच्या हातात होतं आणि ती भिंतीकडे उभी होती, म्हणून लाल टोक भिंतीकडे गेलं. ती दाराकडे उभी असती तर लाल टोक दाराकडे गेलं असतं. बस्स, एवढीच गोष्ट. पुंजाजी आले आणि वयानं मोठे म्हणून फोटोखाली जाऊन बसले. फोटोखाली लाल होतं. दुसऱ्या बैठकीला मला अंथरताना कुणीतरी सहज म्हणालं, "लाल बाजू भितीकडं घ्या." का? तर मागच्या वेळी तशी होती.

आणि मग काय सांगू तुम्हाला! तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत तो कायदा झाला. एकदा एका पोरानं मला चुकून उलटी अंथरली, तर सगळे हसायला लागले. "अरे, उलटी हातरली, उलटी!" त्या पोराचे कान लाल झाले. कुणी मारलं नाही, दंड केला नाही, नुसते हसले. पण त्या पोरानं पुन्हा जन्मात ती चूक केली नाही. पुढं तर म्हातारा ग्यानबा लहान मुलांना कारण सांगायला लागला, "लाल रंग मानाचा असते बावा. बनवनाऱ्यानं मोठ्या मानसायसाठीच लाल बाजू ठेवली." अहो, सूत संपलं होतं सूत! मला पोट असतं तर पोट धरून हसले असते. पण हसू ओसरल्यावर भीतीच वाटली. माणसं हवेतून अर्थ काढतात, आणि तो अर्थ मग दगडासारखा घट्ट होऊन बसतो. दगड निदान दिसतो तरी.

माझ्यावर बसणाऱ्यांचे गुडघे मी ओळखते. पुंजाजींचं घ्या. लाल बाजूवर बसले की पालखट मांडी घालून, पाठ भिंतीला टेकवून ऐसपैस बसायचे. आवाज कसा, खणखणीत. पण त्यांच्या लेकीच्या सासरची माणसं आली, की हाच माणूस मधल्या पट्ट्यावर येऊन पाय दुमडून अवघडून बसायचा आणि म्हणायचा, "चहा घ्या जी, थंडा होऊन राह्यला." तेच गुडघे, तेच धोतर! एकाच माणसात इतकी माणसं राहतात कशी? आणि कोणत्या वेळी कोणतं बाहेर काढायचं हे त्याला सांगतं कोण? मला तर वाटायचं, मला उचलून ठेवलं की हे लोक विसरत असतील. पण नाही. मी घडी होऊन कोपऱ्यात पडलेली असले तरी रस्त्यात, विहिरीवर, एस.टी.त त्यांची तीच रांग लागलेली असायची.

मधल्या पट्ट्यांवर घरोघरचे कर्ते पुरुष. दाराकडच्या टोकाला तरणी पोरं. बोलायचं तर बसून बोलायचं, उभ्यानं बोलणाऱ्याचं कुणी ऐकून घ्यायचं नाही. आणि बाया? बाया माझ्यावर बसतच नव्हत्या. मला झटकायच्या त्या, ओढ्यावर नेऊन धुवायच्या त्या, अंथरायच्या त्या, घडी घालून उचलायच्याही त्याच. पण बैठक सुरू झाली की दाराबाहेरच्या ओट्यावर, नाहीतर दाराला टेकून उभ्या. त्यांना मनाई कुणी केली होती? कुणीच नाही! हेच तर नवल आहे. मी सगळ्या बैठका ऐकल्या आहेत, असा ठराव कधीच झाला नव्हता.

विजयमाला ही देवमन-भागिरथाची पोरगी. लहान असताना माझ्यावरून दुडुदुडु पळायची, बापाच्या मांडीवर बसून बैठकीत लाडू खायची. एकदा, जरा मोठी झाल्यावर, अशीच पळत आली आणि दारातून भागिरथानं जिभेनं नुसतं "च्च" केलं. एक च्च, दुसरं काही नाही. पुढच्या वेळी पोरगी आली ती माझ्या काठाशी येऊन आपणहून थांबली. तिचे अंगठे माझ्या काठाला टेकले होते आणि पुढं सरकत नव्हते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. या वस्तीनं केवढ्या केवढ्या गोष्टी सोडल्या होत्या हो! धम्म घेतला, जुनी लादलेली कामं टाकली, कुणाच्या दारासमोरून चपला हातात घेऊन जाणं टाकलं. त्यासाठी मार खाल्ला, उपास काढले, मान खाली घातली नाही. एवढा डोंगर उचलून बाजूला ठेवणाऱ्या माणसांना माझा बोटभर जाडीचा काठ ओलांडता येत नव्हता. कारण डोंगर दिसत होता आणि काठ दिसत नव्हता.

विजयमाला शिकली. दुष्काळाचं एक वाईट वर्ष सरलं आणि ती वाशीमच्या कॉलेजात गेली. वाशीमला मावशीकडे राहायची, शनिवारी एस.टी.नं गावी यायची. घरात धाकट्यांचा गोंधळ, म्हणून अभ्यासाला विहारात यायची आणि कोपऱ्यात माझ्या घडीवर बसून मोठ्यानं वाचायची. घडीवर बसायला मनाई नव्हती बरं का! घडी असले की मी नुसतं एक गाठोडं. अंथरली की मी बैठक. तर अशा घडीच्या अवस्थेत माझं शिक्षण झालं.

तिचा विषय समाजशास्त्र. पहिल्याच दिवशी ती वाचत होती, दर्जा म्हणजे समाजातली माणसाची जागा, आणि भूमिका म्हणजे त्या जागेवरून त्यानं वागायची रीत. मी घडीत दचकलेच. पुंजाजींचे गुडघे या पोरीच्या पुस्तकात कुणी घातले? मग आलं सामाजीकरण, म्हणजे मुलाला समाज आतून शिकवतो ते. मग सामाजिक नियंत्रण. मला ते "च्च" आठवलं, ते हसणं आठवलं. जे मी इतकी वर्षं अंगावर सोसलं, त्याला नावं होती! दूर कुठंतरी शहाण्या माणसांनी बसून त्याचा विचार केला होता. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी मी नवी असते तर रंग सोडला असता.

भागिरथा विहार झाडायला यायची. एकदा तिनं विचारलं, "विजे, हे समाजशास्तर म्हंजे काय वं?"

"आपन कसे राह्यतो न् तसेच कायले राह्यतो, त्याचं शास्त्र, माय."

"अवं, मंग त्याले वाशीमले कायले जा लागते? आपन तं इथंच राह्यतो!"

विजयमाला हसली. मग म्हणाली, "आमचे सर म्हनते, समाज डोयानं दिसत नाही. पन तो नाहीच असं समजून चाला, लगेच ठेच लागते."

भागिरथानं झाडू बाजूला ठेवला. पोरगी माझ्या घडीवर थाप मारून सांगायला लागली, "पाह्य माय, या सतरंजीचंच पाह्य. काही पंडित म्हनते, ज्याची त्याची जागा ठरली हाये म्हनून काम चालते. बैलबंडीचं चाक चाकाच्या जागी, जू जुवाच्या जागी. दुसरे म्हनते, ते ठीक हाये, पन या जागा ठरवल्या कोनं, न् फायदा कोनाचा होऊन राह्यला, ते आंधी पाह्य. न् तिसरे म्हनते, जागा बिगा काही नसते. मानसं दरखेपी तिथंच जाऊन बसते म्हनून जागा असते. दरखेपी नव्यानं करते, म्हनून ते राह्यते."

भागिरथानं झाडू पुन्हा हातात घेतला. "तिसऱ्याचं मले पटते," ती म्हणाली, "पन दुसरा बी खोटा नाही वं." आणि पुन्हा झाडायला लागली. मी मात्र तशीच बसून राहिले. दरखेपी नव्यानं करतात म्हणून राहतं! म्हणजे एवढं मोठं, एवढं जड, सगळ्यांना दाबून ठेवणारं ते काहीतरी, रोज सकाळी माणसंच उचलून परत जागेवर ठेवतात?

विजयमाला पहिल्या वर्षाला पास झाली आणि त्याच सुट्टीत केनवडहून स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, घर चांगलं, माणसं धम्माची. फक्त त्यांना लग्न याच उन्हाळ्यात हवं होतं, आणि सुनेचं कॉलेज नको होतं. पुंजाजींना स्थळ पसंत होतं. त्यांनी रविवारी सकाळी बैठक बोलावली, चार माणसांसमोर होकार ठरवून केनवडला निरोप धाडायचा म्हणून. देवमन मोठ्या भावापुढं कधी बोललेला नव्हता. तो बोलणार नाही हे विजयमालेलाही माहीत होतं. शनिवारी ती माझ्या घडीवर बसून रडली. पुस्तक उघडलंच नाही तिनं. तिला बी.ए. व्हायचं होतं, आणि तिचं काय व्हायचं ते अशा ठिकाणी ठरणार होतं जिथं तिला बसता येत नव्हतं.

रविवारी सकाळी मला अंथरायला ती एकटी आली. माझी घडी उलगडली, लाल टोक हातात घेतलं, भिंतीकडे चालली, आणि मधेच थांबली. पोरगी वळली, दाराकडे आली आणि तिनं लाल टोक उंबऱ्यापाशी टाकलं. मला उलटी अंथरली तिनं. मुद्दाम! मला वाटलं, आता हसणार सगळे.

आधी तरणी पोरं आली. दारात अडखळली, एकमेकांकडे बघून हसली. "वा बावा, आज आपली जागा भितीपाशी!" त्यांना मजाच वाटली. साधं टोक ते आपलं, असं समजून ती फोटोखाली जाऊन बसली. मग मधले कर्ते आले, मधे बसले. ग्यानबा आला. शेवटी पुंजाजी आले. सवयीनं दोन पावलं भिंतीकडे टाकली, बघतात तर तिथं पोरं. खाली बघितलं, तिथं लाल नाही.

"उलटी कायले हातरली वं?" ते विजयमालेवर खेकसले.

"सुलटी-उलटी काय असते मोठे बाबा? सारी एकच तं हाये," ती दारातून म्हणाली.

आता सगळ्यांना उठवून मला फिरवायचं म्हणजे पुतणीच्या बोलण्याला भाव दिल्यासारखं होणार. भिंतीशी जाऊन बसायचं तर लाल सोडावं लागणार. पुंजाजी तिथंच घुटमळले, आणि माझ्या अंगावर काटा आला हो, ते लाल बाजूवर बसले. दाराशी. चपलांच्या ढिगाला पाठ लावून. फोटो सोडला, भिंत सोडली, पण लाल सोडवलं नाही त्यांना.

आणि एक गोष्ट झाली जी बहुतेक विजयमालेच्याही ध्यानात आली नव्हती. एरवी बायांची कुजबुज दारातल्या तरण्या पोरांपाशी येऊन मरायची, पुंजाजींच्या कानापर्यंत कधी पोचायचीच नाही. आज बाया पुंजाजींच्या पाठीशी उभ्या होत्या. हात लांबवला तर पदर लागेल इतक्या.

"केनवडचं सोयरं चांगलं हाये," पुंजाजींनी सुरुवात केली. "पोरगा नोकरीवर हाये. ते म्हनते, लगन याच साली, न् शिकनं बंद. आपल्याले काय, पोरगी सुखी राह्यली म्हंजे झालं."

"बराबर हाये," ग्यानबा म्हणाला. "पयल्या वर्साले पास झाली, लय झालं."

"देवमन, तुहं काय?"

देवमन माझा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होता. "दादा म्हनन ते," तो म्हणाला.

तेवढ्यात मागून, नेहमीसारखी, अगदी हळू, भागिरथा पुटपुटली, "पोरीले इचारलं का कोनी?"

पुंजाजींची मान वळली. "कोन बोललं?"

पुंजाजी भागिरथाचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्याशी थेट बोलायचं नाही, ही रीत. ती पदर पुढं ओढून शेजारच्या म्हाताऱ्या चंपाबाईला म्हणाली, "सांगा त्यायले, पोरीले इचारा म्हना."

चंपाबाई वळली आणि हातभर अंतरावरच्या पुंजाजींना मोठ्यानं म्हणाली, "भागिरथा म्हनते, पोरीले इचारा!"

"ऐकलं मी! बहिरा हाये काय?" पुंजाजी ओरडले. फोटोखालची पोरं फिदीफिदी हसली. पुंजाजी चिडले. आणि चिडून त्यांनी बैठकीचा नियम काढला, "उभ्यानं बोलाची रीत नाही इथं. ज्याले बोलाचं असन त्यानं बसून बोलावं!"

हे बोलणं तोंड बंद करण्यासाठी होतं. सगळ्यांना ते कळलं. ग्यानबानं तर पुढचा विषय काढायला घसाही खाकरला. भागिरथा माझ्या काठाशी उभी होती. तिनं मला किती वेळा धुतलं होतं, पिळलं होतं, उन्हात टाकलं होतं. तिचे हात मला माझ्या विणकरांपेक्षा जास्त ओळखीचे होते. तिनं एक पाय वहाणेतून काढला. मग दुसरा. आणि ती माझ्यावर आली आणि बसली.

अहो, मी काय सांगू! कित्येक माणसं बसली असतील माझ्यावर, पैलवान बसले असतील. पण असं वजन मला कधी लागलं नव्हतं. लाल पट्टी ती केवढी, हातभर. भासरा आणि भावजय एका पट्टीवर! आता पुंजाजी उठणार, असं सगळ्यांना वाटलं. ते उठले की बैठक मोडणार, आणि होकाराचा निरोप संध्याकाळी आपोआप केनवडला जाणार. पुंजाजींनी एक हात जमिनीला टेकवला, उठायला टेकवतात तसा. मी देवाला मानत नाही, पण त्या क्षणी कुणाला तरी हाका मारत होते.

पुंजाजी उठले नाहीत. त्या हातावर भार देऊन ते बाजूला सरकले. वीतभर. तिला नीट बसता यावं म्हणून.

"बोल बाई," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते तिच्याशी थेट बोललेले हे पहिले शब्द.

"माह्या लग्नात मले कोनी इचारलं नोतं," भागिरथा माझ्या पट्ट्यांकडे बघत म्हणाली. "कोनी वाईट नोतं. माहा बाप चांगला, तुमी बी चांगले. पन इचारलं नाही. मले शाळा लय आवडे. मी गेली असती पुढं का नसती, मले मालूम नाही. ते मालूम नाही याचंच मले वाईट वाट्टे. पोरीले इचारा. ते हो म्हनन तं मीच तिच्या हाताले हयद लावतो. पन इचारा."

पुंजाजींनी दाराकडे मान वळवली. मग म्हणाले, "विजे, ये. बस अथी."

विजयमाला आली. दर्जा, भूमिका, तीन-तीन दृष्टिकोन घडाघडा म्हणणारी पोरगी, पण माझ्यावर बसली आणि तिची दातखीळच बसली. आईचा पदर धरून कशीबशी म्हणाली, "मले शिकाचं हाये, मोठे बाबा." बस्स. एवढंच.

"देवमन?" पुंजाजींनी पुन्हा विचारलं.

देवमननं बोटाचा धागा सोडला. "पोरगी म्हन्ते तेच माहं म्हननं हाये," तो म्हणाला, आणि दादाकडे बघितलं. डोळ्याला डोळा देऊन.

पुंजाजी स्वतः केनवडला गेले. "पोरगी शिकून राह्यली, थांबत असान तं थांबा," असं सांगून आले. ते लोक थांबले नाहीत. वर दोन शब्द ऐकवले असणार, कारण पुंजाजी आठवडाभर कुणाशी धड बोलत नव्हते. पण विजयमाला जून महिन्यात एस.टी.त बसली.

तुम्हाला वाटेल, सगळं बदललं. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या पावसानंतर विहाराच्या छपराचं बघायला पुन्हा बैठक बसली. विजयमाला वाशीमला होती. बायांनी मला अंथरलं, लाल बाजू भिंतीकडे. सवयीनं. पुंजाजी लाल बाजूवर, कर्ते मधे, पोरं दाराशी. आणि बाया दाराबाहेर उभ्या. भागिरथासुद्धा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी च्च केलं नव्हतं. जसं काही त्या रविवारी काही घडलंच नव्हतं. मला अंगातला जीव गेल्यासारखं झालं. किती मोठं, किती चिवट असतं हो हे! एका बाईनं एकदा हलवलं, आणि ते आपलं गुपचूप जागेवर येऊन बसलं.

छपराच्या टिनांवरून बोलणं सुरू झालं. आणि मग दारात हालचाल झाली. तरणी पोरं चपापून सरकली. भागिरथा आत आली. वहाणा काढल्या, माझ्या साध्या टोकावर, दाराजवळच, खाली बसली. बोलणं थांबलं. पुंजाजींनी विचारलं, "काय म्हन्नं हाये?"

"काही नाही," ती म्हणाली. "तुमचं चालू द्या."

त्या दिवशी तिला काहीच बोलायचं नव्हतं. ती नुसती बसली. जरा वेळानं चंपाबाई "मले बी टेकू द्या वं, पाय दुखून राह्यले" करत तिच्या शेजारी आली. मग आणखी एक आली. पुढच्या बैठकीला भागिरथा पुन्हा आली आणि पुन्हा काही बोलली नाही. त्याच्या पुढच्याही. मी हे बघितलं, आणि तिनं त्या पंडितांचं म्हणणं कसं उचललं ते मला कळलं. जर हे सगळं दरखेपी नव्यानं करावं लागतं, तर तिनंही दरखेपी येऊन बसायचं ठरवलं होतं. कंटाळा न करता, कुणी बोलावो न बोलावो.

आता मी जुनी झालेय. निळा रंग करडा झाला, मधे भोकं पडली, भागिरथानं आपल्या लुगड्याची ठिगळं लावली. विहारात नवी मोठी सतरंजी आलीय, चारी बाजूंनी एकाच रंगाची. विजयमाला बी.ए. होऊन अमरावतीला पुढचं शिकतेय. पुंजाजी थकले, त्यांना आता खुर्ची लागते. मला ओट्यावर अंथरतात, सुट्टीत पोरी तिथं अभ्यास करतात. त्यातल्या एकीला परवा दुसरी म्हणाली, "पयले बाया बसत नव्हत्या म्हने यावर." तर पहिली खो-खो हसली. तिला ते खरंच वाटेना. तिला वाटलं, बाया बसणं ही जगाच्या सुरुवातीपासूनची रीत आहे.

जाता जाता एकच मागणं आहे. तुम्हीही कुठं ना कुठं बसलेले असाल, सतरंजीवर, बाकावर, खुर्चीवर. एकदा दाराकडे बघा. कुणी उभं आहे का ते बघा. असलं, तर उठून जागा देऊ नका, भाषण करू नका, उपकार करू नका. थोडं सरका.